वादपत्रातील नाव

लैंगिक अत्याचार म्हटला की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे फौजदारी खटला उभा राहतो. आरोपीला शिक्षा होते किंवा तो सुटतो. नोकरी गमावलेली, औषधपाण्यासाठी कर्ज काढलेली स्त्री मात्र होती तिथेच राहते. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग आहे, पण त्याचा उंबरठाच उंच आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या सातव्या आदेशाच्या पहिल्या नियमानुसार वादपत्रात वादीचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण लिहावे लागते. बांधाच्या तंट्यात यात वावगे काही नाही. अत्याचार सोसलेल्या स्त्रीने मात्र आपलाच पत्ता लिहून तो समन्ससोबत प्रतिवादीच्या हाती पोचवायचा, असा त्याचा अर्थ होतो.

सहाव्या आदेशाचा दुसरा नियम तेवढा तिच्या सोयीचा आहे. महत्त्वाची तथ्ये लिहा, पुरावा लिहू नका, असे तो सांगतो. केव्हा, कोठे, कोणी, काय केले आणि त्यातून काय नुकसान झाले, एवढे नेमके लिहिले की पुरते. लाजिरवाणा तपशील पानेच्या पाने भरण्याची गरज नाही. ‘गैरवर्तन केले’ एवढ्यावर मात्र भागत नाही. आणि प्रतिवादीने कैफियतीत तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला, तर तो निंदाकारक मजकूर काढून टाकण्याची मागणी त्याच आदेशाच्या सोळाव्या नियमाखाली करता येते.

मुदतीचा कायदा १९६३ सालचा, म्हणजे स्वराज्यातला! त्याच्या ७७ व्या अनुच्छेदात ‘नोकर किंवा मुलगी’ यांना फूस लावल्यामुळे बुडालेल्या सेवेच्या भरपाईसाठी एक वर्षाची मुदत आहे. दावा धन्याचा किंवा बापाचा. मोजायचे ते त्याचे बुडालेले श्रम. खुद्द त्या मुलीच्या दाव्याला स्वतंत्र रकाना नाही. तो ११३ व्या, उरल्यासुरल्यांच्या अनुच्छेदात, तीन वर्षांच्या मुदतीत बसवावा लागतो. अज्ञान मुलीची ही तीन वर्षे सज्ञान झाल्यावर सुरू होतात. घरात तोंड उघडायलाच ज्यांना दहा वर्षे लागतात, त्यांना हा हिशेब कोणी सांगायचा?

कामाच्या ठिकाणच्या छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याखालील एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये पक्षकारांची नावे आदेशांतून वगळण्याचे, सुनावणी बंद दालनात घेण्याचे आणि कागदपत्रे मोहोरबंद ठेवण्याचे निर्देश दिले. हे योग्यच झाले. परंतु खास परवानगीवाचून निकालही प्रसिद्ध करू नये, हे पटण्यासारखे नाही. स्त्रीचे नाव झाकावे. कायद्याचा अर्थ झाकला तर पुढच्या स्त्रीचा वकील शिकणार कशावरून?

तालुक्याच्या न्यायालयातही नाव गुप्त ठेवण्यासाठी संहितेच्या १५१ व्या आणि बंद दालनातील सुनावणीसाठी १५३-ब या कलमाखाली विनंती करता येते. हा अर्ज वादपत्रासोबतच द्यावा. नाव एकदा बोर्डावर लागले की गावभर व्हायला संध्याकाळ पुरते.