कर्करुग्णाचं ताट आणि वजनकाटा

घरात कोणी आजारी पडलं की आपल्या स्वयंपाकघराचा नूरच पालटतो. तेल-तिखट बंद होतं, पोळीभाजी मागे पडते आणि पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, शहाळ्याचं पाणी असं हलकं खाणं सुरू होतं. लंघनाला औषध मानणारी आपली रीत आहे आणि तापाच्या किंवा पोटाच्या दुखण्यात दोन-चार दिवस ती निभावूनही जाते. कॅन्सरचा हिशेब निराळा आहे. इथे उपचार महिनोन् महिने चालतात, आणि काळजीपोटी दिलेलं तेच हलकं खाणं इतके दिवस चाललं की अंगावरचं मांस झडू लागतं. म्हणून आज एकच मुद्दा मांडायचा आहे. कर्करुग्णाचं जेवण हा उपचाराचाच भाग आहे. त्यात काय वर्ज्य, याची चौकशी आपण फार करतो. पोटात किती गेलं आणि वजन किती राहिलं, याची मोजदाद मात्र औषधाच्या गोळ्यांइतक्या काटेकोरपणे ठेवत नाही. ती ठेवायला हवी.

वजनाला एवढं महत्त्व कशासाठी? केमोथेरपीच्या बारा चाचण्यांमधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासून अमेरिकेत १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांआधीच ज्यांचं वजन घटलं होतं, ते बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये इतरांपेक्षा कमी काळ जगले. यावर कोणी म्हणेल, असे रुग्ण मुळातच जास्त आजारी असणार. वजन घटणं हे कारण नव्हे, लक्षण आहे. शंका रास्त आहे, आणि नुसतं खाऊ घातल्याने आयुष्य वाढतं असा दावा मी करणार नाही. पण घटत्या वजनामुळे उपचारात काय अडतं, ते उघड दिसतं. तोंडाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या; तंबाखूपायी आपल्याकडे तो घरोघरी ओळखीचा झाला आहे. रेडिएशन देताना डोकं जराही हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा बनवतात आणि दर वेळी तो चढवून टेबलाला पक्का करतात. रुग्ण काही किलोंनी उतरला, गाल बसले, की मुखवटा सैल होतो. मग पुन्हा माप, पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळी आखणी करण्याची वेळ येऊ शकते. केमोथेरपीचंही तसंच. स्नायू झिजलेल्या शरीराला औषधाचा त्रास जास्त होतो आणि डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो.

आता ताटाकडे वळू. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्करुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० कॅलरी लागतात, आणि प्रथिनं १ ग्रॅमच्या वर, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. पेज, खीर, शहाळं आणि चार बिस्किटं यांवर दिवस काढला तर प्रथिनं जेमतेम १०-१५ ग्रॅम भरतात. त्याच घरात अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर दाण्यांचं कूट, वाटीभर दही, थोडं पनीर आणि तीन पोळ्या दिवसभरात थोड्या थोड्या करून पोटात गेल्या, तर आकडा ७० ग्रॅमच्या घरात जातो. वरणभातावर सोडलेलं चमचाभर तूप ४५ कॅलरी देतं आणि त्यासाठी एक घासही जास्त खावा लागत नाही. हे सगळं महागड्या डब्यातल्या पावडरीनेच साधतं, असंही नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या १११ रुग्णांचा पोर्तुगालमधला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीच्याच अन्नातून काय आणि कसं खावं याचा व्यक्तिगत सल्ला दिला, दुसऱ्याला प्रथिनांची तयार पेयं दिली, तिसऱ्याला मनाप्रमाणे खाऊ दिलं. उपचार संपून तीन महिने झाल्यावर वाढलेला आहार टिकला होता तो फक्त सल्ला मिळालेल्या गटाचा. पावडरीची गरज काहींना पडते, पण आहारतज्ज्ञाची गाठ घेणं हे त्याआधीचं काम आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की खाल्लेलं कॅन्सरलाच मिळतं, साखर तर त्याचं खाद्यच; मग उपाशी ठेवून त्यालाच का मारू नये? या समजुतीच्या मुळाशी एक खरं निरीक्षण आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. पण ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली साखर संपत नाही. बाहेरून अन्न आलं नाही तर शरीर स्वतःच ग्लुकोज तयार करतं, आणि त्यासाठी स्नायूंमधली प्रथिनं मोडतं. म्हणजे उपास घडतो तो रुग्णाला. गाठीचा पुरवठा चालूच राहतो. मधुमेह असेल तर साखर अर्थातच डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आटोक्यात ठेवावी. पण कोणाच्या तरी सांगण्यावरून दूध, धान्य, अंडी बंद करून नुसत्या रसांवर राहणं म्हणजे उपचारांची ताकद आपणच काढून घेणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅन्सरमध्ये शरीरात दाह असतो, भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. वैद्यकात याला कॅकेक्सिया म्हणतात, आणि केवळ आहाराने तो पूर्णपणे उलटवता येत नाही हे तज्ज्ञांनी २०११ मध्ये त्याची व्याख्या करतानाच नमूद केलं आहे. मग एवढा खटाटोप कशाला? कारण घटलेलं सगळंच वजन कॅकेक्सियाच्या खात्यातलं नसतं. तोंडात फोड आले आहेत म्हणून, मळमळतं म्हणून, दुखतं म्हणून, वेदनाशामकांमुळे पोट साफ होत नाही म्हणूनही माणूस जेवत नाही, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून जेवणाआधी घेता येते. फोडणीचा वास सहन होत नसेल तर गार दहीभात किंवा मिल्कशेक जातो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलच्या ताटलीऐवजी काचेची घ्यावी. तोंड सोललेलं असेल तर तिखट-आंबट टाळून कोमट, मऊ, पण घट्ट खाणं द्यावं. गिळणंच अशक्य झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सुचवतात. नळी म्हणजे आता शेवट, असं समजून घरचे हबकतात. रेडिएशनच्या सहा-सात आठवड्यांत घातलेली नळी बहुतेक वेळा तात्पुरती असते आणि उपचार पुरे व्हावेत यासाठीच असते.

उरला प्रश्न आग्रहाचा. वजन टिकवायचं म्हणून घास कोंबायचे का? मुळीच नाही. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचं माप मानतात, पण भरलेलं ताट समोर येताच रुग्णाची उरलीसुरली भूक मरते आणि जेवणाची वेळ म्हणजे रोजचं भांडण होऊन बसतं. दर दोन-तीन तासांनी लहान वाटीत, जास्त कस असलेलं काहीतरी पुढे ठेवावं. त्यातलं किती खायचं हे त्याने ठरवावं. सगळ्यांनाच वजन वाढवायचं असतं असंही नाही. स्तनाच्या कॅन्सरवरील उपचारांत काही स्त्रियांचं वजन उलट वाढतं. आणि आजार शेवटच्या टप्प्यात पोचला की भूक जाणं हा त्या प्रक्रियेचाच भाग असतो. तिथे कॅलरी मोजणं थांबवावं, जिभेला रुचेल तो घोट द्यावा, ओठ ओले ठेवावेत. न जेवल्यामुळे माणूस गेला, ही बोचणी अशा घरांनी बाळगण्याचं कारण नाही.

एरवी, उपचार चालू असेपर्यंत, आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी सकाळी, त्याच काट्यावर वजन करून ते तारखेसह फाइलमध्ये लिहावं. ६० किलोचा माणूस सहा महिन्यांत ३ किलोंहून अधिक उतरला, म्हणजे घट पाच टक्क्यांच्या वर गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावं. पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो, हेही लक्षात ठेवावं. आणि तपासणीला जाल तेव्हा 'काय खायचं नाही?' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा: यांचं वजन टिकत नाही, आहारतज्ज्ञ कुठे भेटतील?