सिबिल बघायला पैसे लागत नाहीत

नागपूरच्या सदरमधून आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बोलतो आहोत.

कर्ज मागायला गेलं की साहेब संगणकात बघतात आणि म्हणतात, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे." आपण गुपचूप परत येतो. त्यात नेमकं काय लिहिलंय, हे मात्र बघत नाही. तर आज तेच सांगायचं आहे. तो अहवाल आपला आहे आणि तो आपल्याला फुकट मिळतो.

सिबिल हे एका कंपनीचं नाव. अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कोणाकडून किती कर्ज घेतलं, कोणता हप्ता चुकला, याची नोंद त्या ठेवतात आणि ३०० ते ९०० मध्ये गुण देतात. मायक्रोफायनान्सचं कर्जही त्यात येतं. गटाच्या कर्जाची माहितीही सभासदवार द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये बँकांना सांगितलं.

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार अहवाल. जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलैत तिसरीचा, ऑक्टोबरमध्ये चौथीचा मागवा. वर्षभर लक्ष राहतं. त्यावर आणखी एखादा हवा असेल, तर कंपनीला १०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मग दलालाला पाचशे कशाला द्यायचे?

कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. पॅन कार्ड आणि मोबाईल जवळ ठेवा. तिथं महिन्याचे पैसे भरायच्या योजनाही दाखवतात, आपण फक्त मोफत अहवाल निवडायचा. घरी सोय नसेल तर सेवा केंद्रात जा, पण ओटीपी स्वतः टाका, कुणाला सांगू नका. स्वतःचा अहवाल बघितल्यानं गुण कमी होत नाहीत.

अहवाल आला की आधी नाव, जन्मतारीख, पत्ता बघा. माहेरचं आणि सासरचं नाव असलं की गोंधळ होतो. मग कर्जांची यादी. न घेतलेलं कर्ज आहे का? फेडलेलं कर्ज बाकी दिसतं का? ‘सेटल्ड’ लिहिलं असेल तर लक्ष द्या. त्याचा अर्थ पूर्ण फेड नव्हे, काही रक्कम सोडून देऊन मिटवलेलं खातं.

आमच्या एका गटातल्या ताईंनी शिलाई मशीनचं कर्ज पूर्ण फेडलं होतं, तरी अहवालात बाकी दिसत होती. त्यांनी नो ड्यूजचा दाखला पेटीत जपून ठेवला होता. तो जोडून तक्रार केली आणि नोंद दुरुस्त झाली. शेवटचा हप्ता भरला की हा दाखला मागून घ्याच.

चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. तरीही ऐकलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेचं नागपूर कार्यालय सदरला लागूनच आहे, पण त्यासाठी गावाहून इथवर यायची गरज नाही. १४४४८ वर फोन केला की तक्रार कशी करायची ते सांगतात.

"सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते. खरोखर थकलेला हप्ता मात्र कुणीच पुसू शकत नाही. तो भरायचा आणि पुढचे वेळेवर भरायचे. आणि आजवर कर्जच घेतलं नसेल तर घाबरू नका. जुनी नोंद नाही एवढ्याच कारणानं पहिलं कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे.

येत्या बैठकीत बचत गोळा झाली की हा विषय घ्या. अहवाल कसा मागवायचा ते एकमेकींना शिकवा, पण कुणाचाही अहवाल सगळ्यांसमोर वाचू नका. तो ज्या बाईचा, तिनंच बघायचा. आणि कर्जाची गरज पडायच्या आधी बघायचा, म्हणजे चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो.