सरकत्या दाराचं कुलूप बदलताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सदस्यांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपली घरं बरीच बदलली. मागच्या अंगणाकडचं लाकडी दार काढून अनेकांनी अॅल्युमिनियमचं सरकतं काचेचं दार बसवलं. उजेड आला, हवा आली. पण त्याचं कुलूप बिघडलं की कुणी दोरी बांधतं, कुणी दाराला टेबल लावतं. सुट्टीत गावी जाताना पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागचं दार रामभरोसे! म्हणून आज एवढ्यावरच बोलतो.

पहिली गोष्ट. कुलूप लागत नाही म्हणजे कुलूपच खराब, असं नसतं. गेवराईची उन्हाळ्यातली धूळ आपल्याला माहीत आहे. ती खालच्या ट्रॅकमध्ये साचते, चाकं झिजतात, दार एका बाजूनं खाली बसतं. मग कुलपाचा हुक चौकटीतल्या खाचेसमोर येतच नाही. नवं कुलूप आणलं तरी तेच होणार. आधी ट्रॅक साफ करा, चाकं बघा. पुष्कळ दारांना खालच्या कडेला स्क्रू असतो. तो फिरवला की दार वर-खाली होतं.

दुसरी गोष्ट, कुलूप कोणतं? अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून घराघरात गेलेली कुलपं बिजागरीच्या दारासाठी योग्य. त्यांची जीभ सरळ चौकटीत जाते. सरकतं दार मात्र ज्या दिशेनं जीभ आत जाते, त्याच दिशेनं उलटं ओढलं जातं. सरळ जीभ तिथं काय धरणार? तिथं वाकडा हुकच हवा. नुसत्या बटणाच्या हलक्या खटक्यावर घर सोडू नका.

तिसरी गोष्ट, मापं. दुकानात जाताना जुनं कुलूपच सोबत न्या. दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, खाचेची लांबी-रुंदी, कुलूप आत किती खोल बसतं आणि दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर, ही सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या. दार डावीकडं बंद होतं की उजवीकडं, तेही लिहा. आणि काच टफन्ड असेल तर तिला भोक पाडायला जाऊ नका, अख्खी काच चुरा होते.

चौथी गोष्ट. सरकतं दार वर उचलूनच ट्रॅकमध्ये बसवतात. वरची फट जास्त असेल तर कुलूप लावलेलं दारही बाहेरून उचलून काढता येतं. त्या फटीत फॅब्रिकेटरकडून पट्टी किंवा ठोकळा बसवून घ्या.

आपल्या जुन्या वाड्यांच्या दारामागं आडवी आगळ असायची. तीच युक्ती इथंही चालते. सरकणारं दार आतल्या बाजूच्या ट्रॅकवर असेल, तर त्याच्या मोकळ्या ट्रॅकमध्ये मापाची लाकडी पट्टी आडवी टाका. हुक तुटला तरी दार सरकत नाही.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आतून हे दार किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रात्री स्वयंपाकघरात आग लागली, तर आजीनं अंधारात किल्ली कुठं शोधायची? घरात माणसं असताना ती पट्टीही अशी ठेवा, की लेकरालासुद्धा उचलता येईल. चोर बाहेर राहावा, पण आपलं माणूस आत अडकू नये.

माझी सूचना एवढीच, की एका रविवारी आपण चार-पाच जणांनी टेप घेऊन घरोघरी मापं घ्यावीत आणि फॅब्रिकेटरला एकदाच बोलवावं. ज्या घरी वयस्कर माणसं एकटी राहतात, त्यांची दारं आधी.