व्हिडिओ गेमचा चित्रकार आणि त्याचा चित्रसंग्रह

चित्रकलेचे शिक्षण संपवून बाहेर पडलेला तरुण व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज धाडतो. अर्जासोबत आपल्या चित्रांचा संग्रह, म्हणजेच पोर्टफोलिओ, जोडतो. आठवडे लोटतात, उत्तर येत नाही. घरची वडील माणसे विचारू लागतात, आणि आपल्या हातात कलाच नाही असे त्याला वाटू लागते. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. हात चांगला असूनही निवड चुकलेली असते, आणि निवड सुधारता येते.

अशा संग्रहात बहुधा काय आढळते? निसर्गदृश्ये, व्यक्तिचित्रे, बोधचिन्हे, एखाद्या प्रसिद्ध गेममधील नायकाची नक्कल आणि वर्गातील स्वाध्याय. सारी मिळून तीसएक चित्रे. पाहणाऱ्यासमोर मात्र एकच प्रश्न असतो : हा उमेदवार आमच्या कोणत्या कामाला उपयोगी पडेल? त्याच्यापाशी अर्ज पुष्कळ आणि वेळ थोडा. शिवाय संग्रहातील कच्च्या चित्रावरून, उमेदवाराला स्वतःच्या कामाची पारख कितपत आहे, हेही तो ताडतो. म्हणून तीसांतील वीस चित्रे काढून टाकणे ही पहिली सुधारणा होय. जीव ओतून काढलेले चित्र बाजूला ठेवताना मन कष्टी होते. पण ते चित्र घरच्या भिंतीवर शोभेल, अर्जात त्याचे काम नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, या व्यवसायात ‘चित्रकार’ असे एकच पद नसते. कन्सेप्ट आर्टिस्ट पात्रांच्या व स्थळांच्या कल्पना रेखाटतो. त्याने एकच सुबक चित्र दाखवण्यापेक्षा एका पात्राचे पाचसहा पर्याय दाखवावेत आणि निवडलेला पर्याय समोरून, बाजूने व पाठीमागून रेखाटावा. कारण त्याच रेखाटनांवरून पुढचा कारागीर त्रिमितीय आकृती घडवतो.

त्या कारागिराची कसोटी निराळी. ॲनिमेशनपटातील एका चित्रासाठी संगणकाने तासन् तास घेतले तरी चालते. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रे उमटवायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. साहजिकच आकृती देखणी हवी, तशी हलकीही हवी. म्हणून अंतिम चित्राशेजारी आकृतीची वायरफ्रेम, पॉलिगॉनची संख्या आणि टेक्श्चरची मांडणी दाखवावी. शक्य तर ती आकृती अनरियल किंवा युनिटी यांसारख्या गेम इंजिनात चालवून दाखवावी.

एक उदाहरण पाहू. आपल्याकडील जुन्या वाड्याचे मोजमाप खणांनी होते. एक खांब, एक तुळई, एक कमान आणि एक दरवाजा नीट घडवून तेच भाग पुनःपुन्हा जुळवले, तर चौकाचा सबंध देखावा उभा राहतो. गेममधील स्थळे याच रीतीने रचतात. असा एक वाडा पूर्ण करून दाखवणारा उमेदवार अर्धवट राहिलेल्या दहा कामांच्या धन्यापेक्षा सरस ठरतो. आपल्या मातीतील विषय या क्षेत्रात परके नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेममध्ये पुराणकथा आणि पहाडी चित्रशैली यांचाच आधार घेतला आहे. खर्चाची अडचणही पूर्वीइतकी नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचे साधन २००२ पासून मुक्त स्वरूपात मिळते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो प्रामाणिकपणा. सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामात आपला वाटा कोणता, मूळ कल्पना कोणाची, कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असल्यास ती कोठे, हे चित्राखालीच लिहावे. जुन्या मालकाचे गुप्त काम परवानगीवाचून दाखवू नये. कारण मुलाखतीत ‘हे कसे केलेत?’ असा प्रश्न येतोच, आणि उसने काम तेथे उघडे पडते.

अर्ज धाडण्यापूर्वी संग्रह या व्यवसायातील एखाद्या जाणकाराला दाखवावा. आप्तेष्ट कौतुक करतील. जाणकार मात्र बोट ठेवून चूक दाखवील. ती सुधारून जोडलेला दहा चित्रांचा संग्रह पाहणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मग नोकरी पहिल्याच अर्जाला मिळेल असे नाही. परंतु आपल्या हातात कलाच नाही, असे म्हणण्याची पाळी त्या तरुणावर येणार नाही.