स्वतःची ओळख आणि भोंवतालचा समाज

मराठी भाषेंत वर्तमानकाळीं ‘मी’ म्हटलें कीं क्रियापद लगेच पुरुष कीं स्त्री हें सांगून टाकतें. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची यांतून सुटका आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील खेड्यांतल्या मुलाला मात्र ‘मी येतों’ किंवा ‘मी येतें’ यांतून निवड करावीच लागते. मुलगा म्हणून वाढविलेल्या एखाद्या बालकाच्या तोंडून ‘मी येतें’ असें निघून जातें. प्रथम घर हंसतें, मग आई दटावते, पुढें बापाचा हात उठतो. शाळेंत आणि पारावर ‘बायल्या’ हा एकच शब्द त्याच्या वाट्याला येतो. आपल्याला जें वाटतें त्याला शिवीवांचून नांवच नाहीं, अशी त्याची समजूत झाली तर नवल काय?

ही जाणीव परिस्थिति निर्माण करीत नाहीं. चोप देऊन ती गेल्याचेंही कोणी पाहिलें नाहीं. परिस्थिति पुरविते तो तिचा अर्थ. असेंच मूल कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्मादेवीच्या भक्ताघरीं जन्मलें, तर देवीनें बोलाविलें असें मानून त्याला लुगडें नेसवितात. तें जोगता होतें व स्वतःला देवीचें समजूं लागतें. हिजड्यांच्या घराण्यांत गेल्यास गुरु हीच आई, गुरूची गुरु ती नानगुरु. तेथें नांव नवें, टाळी नवी, बोलीसुद्धां नवी. हें दुसरें बालपणच होय. आणि तेंही सदैव मायाळू असतें असें नव्हे.

२०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत ‘इतर’ या रकान्यांत ४०,८९१ माणसें नोंदलीं गेलीं. गणकाला उत्तर देणारा बहुधा घरचा कर्ता पुरुष, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आंकड्यावर किती विसंबावें तें कळतें. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपलें लिंग ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला असल्याचा निर्णय दिला. परंतु दहा वर्षांचें मूल निकालपत्र वाचीत नाहीं. त्याला हवे असतात आपल्या भाषेंतले शब्द.

असे शब्द याच जिल्ह्यांतील श्रीरामपूर येथें राहून दिशा पिंकी शेख यांनीं मराठी कवितेंतून लिहिले. त्यांच्या संग्रहाचें नांव ‘कुरूप’. तें पुरेसें बोलकें आहे. २०१९ सालीं वंचित बहुजन आघाडीनें त्यांना आपल्या प्रवक्त्या नेमलें.