सीताबर्डीची छोटी फौज

नागपूर शहराच्या ऐन मध्यात सीताबर्डीच्या टेकड्या आहेत. तिथे 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. नेपोलियनच्या वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. त्यामुळे नेपोलियनच्या काळातले छोटे धातूचे सैनिक रंगवून टेबलावर लढाई मांडणाऱ्यांना आपली ही लढाईही खुणावायला हवी. धाकटी टेकडी जिंकणारे भोसल्यांचे अरब शिपाई, समोर इंग्रजांचे लाल कोटातले मद्रासी पलटणवाले, आणि त्यांच्याच कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाचा हल्ला! किती रंग आहेत यात.

1960-70च्या दशकांत ब्रिटनमध्ये हिंचलिफ, मिनिफिग्स अशा कंपन्यांनी असे साधारण 25 मिलिमीटर उंचीचे सैनिक ओतले. त्यांत बहुधा शिसं असायचं, म्हणून सावध राहा. पांढरी भुकटी धरलेला जुना सैनिक कोरडा घासू नका. तिची धूळ विषारी असते. मुलांना दूर ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

रंगवण्याआधी सैनिक साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून वाळवा, प्रायमरचा पातळ थर द्या. मग पाण्यात पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग, आधी अंगरखा, नंतर पट्टे, चेहरा शेवटी. आपल्या उन्हाळ्यात रंग ताटलीतच सुकतो. ओल्या फडक्यावर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा, बराच वेळ ओला राहतो. शेवटी मॅट वार्निश लावा, म्हणजे हाताळताना रंग उडणार नाही.