काटा आणि आरोग्य

सुशिक्षित घरांतही मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली कीं तिच्या अंगलटीची चर्चा सुरू होते. वधू ‘सडपातळ’ हवी, हें तर विवाहाच्या जाहिरातींत सर्रास छापलें जातें. आत्या, मामी, शेजारीण, सर्वांचे डोळे मुलीच्या ताटाकडे लागतात. मग ती न्याहारी टाळते, दुपारीं अर्ध्या पोळीवर उठते आणि रात्रीं घर निजल्यावर फडताळांतले डबे चोरून उघडते. दुसऱ्या दिवशीं पश्चात्तापाचा उपवास! घरचे लोक यास कधीं हट्ट म्हणतात, कधीं खादाडपणा. पुष्कळदां तो आजार असतो.

वजन हें आरोग्याचें कितपत खरें माप, याचा दाखला पुण्यांतच मिळतो. येथील के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु यंत्रानें तपासतां युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली. युडकिन मॅरेथॉन धांवणारे. याज्ञिकांचा व्यायाम, त्यांनींच विनोदानें लिहिल्याप्रमाणें, रुग्णालयाच्या लिफ्टचें मिटणारें दार गांठण्यापुरता! हा निर्देशांक मुळांत एकोणिसाव्या शतकांत केतले नांवाच्या बेल्जियन ज्योतिर्विदानें ‘सरासरी मनुष्य’ शोधण्यासाठीं काढला. रोग्याच्या परीक्षेसाठीं नव्हे.

याचा अर्थ लठ्ठपणा निरुपद्रवी, असा कोणीं करूं नये. पोटांतली चरबी मधुमेहाला वाट करून देते आणि बारीक दिसणारा मनुष्यही तिच्यापासून सुटत नाहीं, हेंच तर याज्ञिकांचें सांगणें. प्रश्न निराळा आहे. जिला अन्नाचीच धास्ती बसली, तिला रोज काट्यावर उभी करून ती बरी होईल काय?

उपासमारीनें मनाचें काय होतें, तें १९४४-४५ मध्यें अमेरिकेंत मिनेसोटा येथें अॅन्सेल कीज यांनीं पाहिलें. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनें सहा महिने अर्धपोटीं राहिले. ते चिडखोर झाले, पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले. पुढें पोटभर मिळूं लागल्यावरही कित्येकांची तृप्ति होईना. या तरुणांना कांहीं रूपाची चिंता नव्हती. रात्रीं डबे उघडणाऱ्या मुलीचें कोडें येथें बरेंचसें उलगडतें.

वजन बाजूस ठेवणाऱ्या उपचाराचा एक प्रयोग कॅलिफोर्नियांत झाला. त्याचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षें पथ्यें करून थकलेल्या ७८ लठ्ठ स्त्रियांपैकीं निम्म्यांना नेहमींचा मोजका आहार दिला. उरलेल्यांना भूक व तृप्ति ओळखावयास, आवडीनें हालचाल करावयास आणि स्वतःच्या देहाचा तिरस्कार सोडावयास शिकविलें. दोन वर्षांनीं पहिल्या गटाचें उतरलेलें वजन परत चढलें होतें. दुसऱ्या गटाचें वजन होतें तेवढेंच राहिलें, परंतु रक्तदाब व कोलेस्टेरॉल सुधारलें. प्रयोग लहान आहे. त्यावरून सर्वांस नियम लावणें घाईचें होईल.

तथापि घरांत याची सुरुवात करावयास मोठ्या प्रयोगाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जेवणाच्या वेळा ठराविक असाव्यात आणि अंगलटीवरचीं बोलणीं बंद व्हावींत. रक्तदाब, रक्तांतली साखर, हिमोग्लोबिन, पाळी व झोंप यांवर लक्ष असावें. पर्वतीच्या पायऱ्या किती वेळां थांबून चढतां येतात, हें मापही वाईट नाहीं! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या पाहणींत ज्या गर्भवती पालेभाज्या व फळें वरचेवर खात, त्यांचीं बाळें जन्मतः अधिक भरलेलीं आढळलीं. एकूण उष्मांकांचा तसा संबंध दिसला नाहीं.

पाळी थांबली, वजन झपाट्यानें उतरूं लागलें, किंवा मुलगी जेवणानंतर मुद्दाम ओकारी काढते असें दिसलें, तर मात्र घरगुती उपदेश थांबवून डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावें. तेथें वजन घेणें भाग असल्यास मुलीला काट्याकडे पाठ करून उभी करावी व आंकडा तिला सांगूं नये, अशी विनंती करतां येते. बाहेर बसलेल्या आईनेंही तो विचारूं नये.